नव्वद टक्के झालेली गाडी

शनिवार, दहा ऑक्टोबर २०२०. हातातलं काम: जुना टूथब्रश रॉकेलमध्ये बुडवून मोटारीच्या बोल्टांवरचे पिवळे डाग काढणे.

डाग बरेच होते. जिथे म्हणून नट-बोल्ट होता तिथे पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ ओघळल्यासारखी दिसत होती. गाडी आधी ज्याच्याकडे होती तो रॉस नावाचा माणूस रंगकामात गबाळा असावा, असं माझ्या सासूबाईंचं मत पडलं आणि त्या वर्षात पहिल्यांदाच आमचं दोघींचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालं. मी गॅरेजच्या जमिनीवर पुठ्ठा टाकून गाडीखाली आडवी होते. आई, म्हणजे सासूबाई, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून, मांडीवर जुनं वर्तमानपत्र पसरून, हाताला लागतील ते पुढचे बोल्ट घासत होत्या. सोमवारी गाडीच्या पासिंगसाठी इंजिनिअर येणार होता. त्यात नवरात्र आठवड्यावर आलेलं, म्हणजे झाडझूड तशीही निघालीच होती. पंख्यांची पाती, खिडक्यांच्या खाचा, फ्रीजची मागची बाजू सगळं करून झालं होतं आणि हात थांबायला तयार नव्हते. "माणूस बघायला येणार म्हणजे कसं लख्ख दिसायला हवं," आई म्हणाल्या. "तुला बघायला आलो होतो तेव्हा तुमच्याकडच्या दाराच्या कड्यासुद्धा चिंचेने घासलेल्या होत्या. मी तेव्हाच ह्यांना म्हटलं, मुलगी ठीकठाक आहे, पण घर स्वच्छ आहे."

मोठं होण्याच्या हकिगती लिहिणारे लोक शाळा, परीक्षा, पहिला पगार एवढ्यात मोठे होऊन मोकळे होतात. मी या सगळ्यातून गेले, लग्न केलं, पुणं सोडून ऑस्ट्रेलियात आले, एक मुलगी वाढवून ब्रिस्बेनला युनिव्हर्सिटीत पाठवली, आणि तरीही सेहेचाळीस वर्षांची होईपर्यंत घरात मिक्सर कोणता घ्यायचा हे नवऱ्याला विचारत होते. मी लिहितेय ती माझ्या मोठं होण्याचीच गोष्ट आहे. ती जरा उशिरा घडली, एवढंच.

आमच्या घरी खरेदी मिलिंद करतो. दुकानात मीही जाते, पैसे मीही देते, पण निर्णय त्याच्या लॅपटॉपवर होतो. साधा टोस्टर घ्यायचा तरी तो सात टोस्टरांचा तक्ता करतो, गुण देतो, रंग भरतो, आणि शेवटी जो पहिला येतो तो आम्ही घेतो. एकदाच मी त्याला न विचारता एका प्रदर्शनात पोळ्या करायचं यंत्र घेतलं होतं. त्यातून पोळी बाहेर येण्याऐवजी उडायची. ती गोष्ट मिलिंद आमच्या मराठी मंडळींच्या प्रत्येक गणपतीत सांगतो. यंत्राचा आवाज काढून, हातवारे करून, पोळी कुठे जाऊन पडली ते दाखवत. इतकी छान सांगतो की मीही हसते. पंधरा वर्षं हसतेय.

आम्ही टूवूंबाला राहतो. मी इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. त्या वर्षी आम्ही दिवसभर लोकांच्या नाकातले नमुने तपासत होतो. मिलिंद पश्चिमेकडच्या खाणींवर इंजिनिअर, काही आठवडे तिकडे आणि काही आठवडे घरी, अशी त्याची नोकरी. एप्रिलमध्ये त्या राज्याने आपली सीमा बंद केली आणि कंपनीने सांगितलं, नोकरी हवी असेल तर इकडेच राहा. तो तिकडे राहिला. त्याच्या आई फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी मुलाकडे आल्या होत्या. विमानं बंद झाल्यामुळे त्या इकडे राहिल्या. अशा रीतीने मुलाला भेटायला आलेली आई आणि तिचा मुलगा देशाच्या दोन टोकांना अडकले, आणि आई ज्या टोकाला होत्या तिथे मी होते. तोपर्यंत आम्ही दोघी एका घरात सलग तीन आठवड्यांपेक्षा जास्त कधी राहिलो नव्हतो, आणि ते दोघींनीही विचारपूर्वक सांभाळलं होतं.

जुलैत कामावरून येताना माझ्या गाडीवर एक कांगारू येऊन आदळला. कांगारू उठून निघून गेला. गाडीचं माझ्या बाजूचं दार मात्र कायमचं मिटलं. मी पलीकडच्या दाराने शिरून, गिअरच्या दांड्यावरून पाय टाकून, माझ्या जागेवर जाऊ लागले. टूवूंबात बस नावापुरती, गाडीवाचून भाजीही येत नाही, आणि त्या वर्षी जुन्या गाड्या बाजारातून अशा गायब झाल्या होत्या की जाहिरात वाचून होईपर्यंत गाडी विकलेली असायची. गावाबाहेर हायफिल्ड्सच्या पुढे एका बाईंची छोटी हॅचबॅक विकायची आहे असं कळलं म्हणून मी शिफ्ट संपवून थेट गेले. त्या बाई, शेरिल, फाटकातच भेटल्या. "सॉरी लव, तासाभरापूर्वीच गेली." माझं तोंड बघून त्यांना दया आली असावी. म्हणाल्या, "रॉसचीही एक आहे शेडमध्ये. बघायला काही पैसे पडत नाहीत."

रॉसची गाडी म्हणजे घरी जोडायची गाडी. हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं की असं काही असतं: सांगाडा, पत्रे, मडगार्ड असं सगळं खोक्यांतून येतं, इंजिन एखाद्या मोडीत निघालेल्या गाडीचं घालायचं, आणि बाकी सगळं आपण आपल्या शेडमध्ये जोडायचं. लांबलचक नाक, मागे दोन माणसं जेमतेम बसतील एवढी जागा, दारं नाहीत, छत नाही, उंची माझ्या कमरेच्या खाली. "नव्वद टक्के झालीय," रॉस म्हणाला. "दहा वर्षं झाली नव्वद टक्के होऊन," शेरिल म्हणाल्या. रॉसचे गुडघे गेले होते आणि शेरिलना शेडमध्ये कुंभारकामाची भट्टी लावायची होती. "बसून तर बघ," तो म्हणाला. मी हॉस्पिटलच्या कपड्यांत, पाय उचलून आत गेले आणि बसले. समोर ते लांब नाक आणि त्याच्या पुढे शेडचं उघडं दार, त्यातून दिसणारी लाल माती आणि वळून गेलेला रस्ता.

मी व्यवहारी बाई म्हणून प्रसिद्ध आहे. नारळ घेताना कानाशी धरून हलवून बघते. पण त्या दिवशी मिलिंदला फोन करावा म्हणून मी फोन वर धरून शेडच्या चारी कोपऱ्यांत फिरले आणि नेटवर्कची एक काडी आली नाही. निर्णय घ्यायची वेळ आली आणि आसपास फक्त मीच होते. मी "घेते" म्हटलं. आपल्या तोंडून काय बाहेर पडलं ते ऐकायला जरा वेळ लागला.

ट्रेलरवरून गाडी घरी आली तेव्हा आईंनी तिला एक फेरी मारली. "बाकीची कधी येणार?" त्यांनी विचारलं. लेकीला फोटो पाठवला तर तिनेही लिहिलं, "मम, व्हेअर इज द रेस्ट ऑफ इट?" तेव्हा मला पोळ्यांच्या यंत्राची आठवण झाली. ही गाडी जर आमच्या गॅरेजमध्ये अशीच पडून राहिली तर मिलिंदला उरलेल्या आयुष्याला पुरेल अशी गोष्ट मिळणार होती. हातवारे तर मला आत्ताच दिसत होते. तो दिवाळीला येणार होता. त्याच्या आत गाडीला नंबरप्लेट लागली पाहिजे आणि तोपर्यंत त्याला काही कळता कामा नये, असं मी ठरवलं. आईंना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी कशाला सांगू? मला काय कळतंय त्यातलं?" ही शपथ आहे की नकार, ते मला समजलं नाही.

उरलेल्या दहा टक्क्यांत काय काय होतं ते हळूहळू बाहेर आलं. हॉर्न नव्हता. हँडब्रेकची तार नव्हती. मागे जाताना लागतो तो दिवा नव्हता. मडगार्डं होती, पण चाकांपेक्षा अरुंद, आणि नियम असा की चाक वरून दिसता कामा नये. पत्र्याच्या कडा सुरीसारख्या होत्या आणि नियम असा की चुकून कुणी गाडीला घासून गेलं तर त्याला ओरखडा येता कामा नये. मला स्वतःला रोज येत होता. घरी जोडलेली गाडी रस्त्यावर आणायची तर सरकारने मान्यता दिलेल्या इंजिनिअरने टप्प्याटप्प्याने तपासून तिच्यावर एक पत्र्याची पट्टी ठोकावी लागते. हा इंजिनिअर म्हणजे ग्लेन. तो इप्सविचचा, रॉसकडे गाडी असताना तिचा अर्धा भाग त्याने तपासला होता. "तेवढं बरं," मी म्हटलं, "अर्धं काम झालंय." फोनवर रॉस म्हणाला, "शी'ल बी राइट," म्हणजे होईल सगळं नीट. मी काहीही विचारलं तरी तो हेच म्हणायचा.

मग जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत आमच्या संध्याकाळी गॅरेजमध्ये गेल्या. मी शिफ्टवरून यायची, अंघोळ करून कपडे धुवायला टाकायची, आणि मोबाइलवर एखाद्या इंग्लिश गृहस्थाचा व्हिडिओ लावून पाना हातात घ्यायची. आई विजेरी धरायच्या. त्या विजेरी धरत, पण सोबत गोष्टही सांगत, आणि गोष्ट जिकडे जाई तिकडे विजेरी जाई. चिंचवडच्या शेजारणीच्या मुलीचं लग्न मोडल्याची हकीगत चालू असताना मी संपूर्ण हँडब्रेक अंधारात बसवला. मध्येच त्या उठून आत जायच्या, फोडणीचा चर्र आवाज यायचा, आणि थंडीत गारठलेल्या त्या पत्र्याच्या खोलीत ग्रीसच्या वासात हिंगाचा वास मिसळायचा. मेतकूट-भात, पिठलं, कधी थालीपीठ. हात काळे असल्यामुळे मला भरवायची वेळ यायची. सेहेचाळिसाव्या वर्षी सासूच्या हातून थालीपिठाचे घास खात मी गाडीखालून फक्त डोकं बाहेर काढायची. हे दृश्य कुणी पाहिलं नाही, याचं मला आजही समाधान आहे.

मिलिंदचा व्हिडिओ कॉल आला की आम्ही स्वयंपाकघरात पळायचो, मागे फ्रीज दिसेल असं बसायचो. एकदा त्याने विचारलंच, "तुझ्या नखांना काय लागलंय?" मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाल्या, "वांगं भाजत होती." पुढच्या आठवड्यात परत वांगं. त्याच्या पुढच्या आठवड्यातही. "तुम्ही दोघी फारच भरीत खाताय," मिलिंद म्हणाला.

सोमवारी ग्लेन आला. उंच, हाफ पँट, गुडघ्यापर्यंत पायमोजे, मास्क नाकाखाली. आम्ही गॅरेज झाडून, गाडी पुसून, पितळेसारखी चमकवून ठेवली होती. आईंनी सकाळी उठून कांदेपोहे केले होते, वर खोबरं-कोथिंबीर, आणि ते एका स्टुलावर, आमच्यापासून नियमाप्रमाणे लांब, झाकून ठेवले होते. आई स्वतः चांगली साडी नेसून दारात उभ्या. ग्लेनने आमच्याकडे पाहून मान डोलावली, विजेरी काढली, गुडघ्यावर बसला आणि पुढच्या चाकामागे वाकला. मग दुसऱ्या चाकाकडे गेला. मग गाडीखाली झोपला.

"ही कोणी साफ केली?" खालून आवाज आला.

"आम्ही दोघींनी," मी म्हटलं. आवाजात अभिमान होता, हे मला नीट आठवतंय.

ग्लेन बाहेर आला आणि जमिनीवरच बसून राहिला. "या गाडीचा एकेक बोल्ट मी स्वतः तपासला होता. जो तपासला त्यावर पिवळी रेघ ओढली होती, अर्धी नटावर, अर्धी खालच्या लोखंडावर. रेघ अखंड असली म्हणजे नट हललेला नाही. कुठे गेल्या माझ्या रेघा?"

"काय म्हणतोय?" आईंनी विचारलं. मी सांगितलं. आई क्षणभरही गडबडल्या नाहीत. "त्याला म्हणावं, रेघा ओढायच्या तर नीट ओढाव्यात. आम्हाला वाटलं, ओघळलंय." मी हे भाषांतर केलं नाही.

ग्लेन ओरडला असता तर सोपं गेलं असतं. तो मऊ आवाजात म्हणाला, "मला दिसत नाही त्यावर मी सही करू शकत नाही, लव. चाकं, स्टिअरिंग, ब्रेक, सीटचे पट्टे, जिथे जिथे खूण होती तिथला नट काढायचा, नवा घालायचा, जुना परत वापरायचा नाही, आणि मापाने आवळायचा." तो परत कधी येणार, हे मी विचारलं. इकडची सगळी कामं घेऊन तो नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एकदा येणार होता. त्यानंतर थेट फेब्रुवारीत. "तोपर्यंत झालं नाही तर फेब्रुवारी. नो वरीज," तो म्हणाला. जाताना स्टुलाकडे बघून त्याने विचारलं, ते त्याच्यासाठी आहे का. आईंनी पोहे डब्यात भरून दिले. मुलगी पसंत नाही, पण पोहे घेऊन गेले, असा हा प्रकार झाला.

तो गेल्यावर आम्ही भांडलो. "डाग काढू या, असं कोण म्हणालं?" मी म्हटलं. "रॉकेल कोणी आणलं?" आई म्हणाल्या. मी म्हटलं, तुमच्यामुळे माझी तीन महिन्यांची मेहनत पाण्यात गेली. त्या म्हणाल्या, मला काय माहीत, तू चार व्हिडिओ बघतेस, एकाने तरी सांगितलं का? त्यांचं बरोबर होतं, त्यामुळे मी आणखीच चिडले. मग मी गाडीच्या कडेवर बसले आणि फोन काढला. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. हॉर्न चुकला तर वाजत नाही, एवढंच. पण ही चाकं होती, ब्रेक होते. मी नट आवळणार आणि त्याच्या भरवशावर माणूस रस्त्यावर जाणार. मिलिंद इंजिनिअर आहे. त्याला विचारलं असतं तर त्याने सगळं सांगितलं असतं.

"कुणाला लावतेस?" आईंनी विचारलं.

"तुमच्या मुलाला. हसेल. हसू दे. माझ्याच्याने नाही होत."

आई उठून माझ्याजवळ आल्या आणि त्यांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला. असं त्यांनी कधी केलं नव्हतं. आम्ही एकमेकींच्या वस्तूंना हात लावत नाही. "हसला तर बरंच आहे," त्या म्हणाल्या. "पण तो हसणार नाही. मी ओळखते ना त्याला. तो तुला म्हणेल, हात लावू नकोस, राहू दे. दिवाळीला येईल, बाह्या सरसावेल आणि चार दिवसांत करून टाकेल. गाडी होईल गं. पण ती त्याची होईल."

मी फोनसाठी हात पुढे केला.

"त्याच्या वडिलांनी मला मोपेड शिकवायला काढली होती. मी घसरून पडले. कोपर नुसतं खरचटलं. ते म्हणाले, राहू दे, मी आहे ना. वाईट हेतूने नव्हते म्हणाले. त्यानंतर बत्तीस वर्षं मी मागच्या सीटवर बसले." त्यांनी फोन पदराने पुसला आणि मला परत दिला. "हवं तर लाव आता."

मी फोन खिशात टाकला. आणि हे सगळं झाल्यावर आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात वगैरे पडलो नाही. मी म्हटलं, "नट कुठे मिळतात ते बघते," आणि त्या म्हणाल्या, "साडी बदलून येते."

पुढचे तीन आठवडे मी शिफ्टनंतर एकच काम केलं. एक नट काढायचा, आटे पुसायचे, नवा घालायचा, मापाचा पाना लावायचा आणि ठरलेला जोर लागून पाना 'कट्ट' असा आवाज करेपर्यंत ओढायचा. कट्ट झालं की थांबायचं. थांबणं मला जड जायचं. घट्ट झाकण लावणाऱ्या बायकांपैकी मी आहे. डावं पुढचं चाक मी तीन वेळा उघडून तीन वेळा बसवलं, कारण प्रत्येक वेळी एक वॉशर जमिनीवर शिल्लक राहायचा. किती नट झाले ते मोजायचं मी मुद्दाम टाळलं. प्रत्येक कट्टनंतर आई पिवळं पेन घेऊन वाकायच्या आणि रेघ ओढायच्या. सरळ, कोरडी, अजिबात न ओघळलेली. एखादी वाकडी गेली तर पुसून पुन्हा. "आता बघ म्हणावं," त्या ग्लेनला उद्देशून पुटपुटायच्या. बाहेर जॅकरंडा फुलून सगळा रस्ता जांभळा झाला होता, मॅगपाय पक्षी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डोक्यावर झडप घालत होते, घटही बसले आणि उठले. दसऱ्याला आई म्हणाल्या, गाडीला हार घालू या. मी म्हटलं, आधी चालू दे. आता, हे लिहिताना, आई पुण्याला आहेत. फोन केला की त्या आधी गाडीची चौकशी करतात, मग माझी, आणि मिलिंदची सगळ्यात शेवटी.

ग्लेन सांगितल्याप्रमाणे आला. या वेळी आम्ही काहीही पुसलं नव्हतं, त्यामुळे गॅरेजची अवस्था लाज वाटावी अशी होती. त्याने मनाला येतील ते बोल्ट निवडून पाना लावून पाहिला. कट्ट. दुसरीकडे. कट्ट. मी हात मागे बांधून उभी होते. मग त्याने एका काठीवर आवाज मोजायचं यंत्र लावलं, इंजिन गरगरवलं, शेजारची दोन्ही कुत्री भुंकायला लागली, आई कानात बोटं घालून उभ्या. मग तो गाडी घेऊन कोपऱ्यावरून दिसेनासा झाला, आणि ती परत येईपर्यंत आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला, कुणाची तरी प्रसूती व्हायची असावी तशा, येरझाऱ्या घालत होतो. परत आला तेव्हा त्याच्या चष्म्यावर माशी चिकटली होती आणि तो हसत होता. "ब्रेक छान आहेत. रेघा कोणी ओढल्या?" मी आईंकडे बोट दाखवलं. "इतक्या सरळ मी स्वतः ओढत नाही," तो म्हणाला. हे मात्र मी शब्दशः भाषांतर केलं. त्याने पत्र्याची पट्टी ठोकली. पुढचं सगळं, सरकारी खिडकी, रांग, मास्क, आणखी एक तपासणी, हे कंटाळवाणं होतं आणि त्यात काहीही चुकलं नाही. नंबरप्लेट मी बुधवारी लावली. मिलिंद गुरुवारी संध्याकाळी आला.

तो ब्रिस्बेनहून बसने आला. खांद्यावरची बॅग घेऊन सरळ ड्राइव्हवेत आला आणि थबकला, कारण गाडी तिथेच उभी होती. मी व्हरांड्यात.

"कुणाची आहे?" त्याने विचारलं.

"तिची," आई म्हणाल्या. "तिने केली."

मिलिंदने बॅग खाली ठेवली. एक फेरी मारली. उकिडवा बसला, चाकामागे बघितलं, रेघांवरून बोट फिरवलं. तो हसला नाही. त्याने मला विचारलं, हे सगळं तू? मी हो म्हटलं. "बाप रे," तो म्हणाला, आणि ते त्याने मनापासून म्हटलं, हे मी इथे नोंदवते, कारण तो वाईट माणूस नाही. मग पुन्हा वाकून तो म्हणाला, "पुढचं डावं चाक जरा आत वळलंय मात्र."

"नाही," मी म्हटलं.

"जरासंच. पासिंगला चालतं तेवढं. पण दोरी लावून चाकं रेषेत आहेत का ते बघावं लागेल. तू राहू दे, उद्या सकाळी मी बघतो."

आईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या आत गेल्या आणि चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला. मी म्हटलं, "उद्या सकाळी मला शिफ्ट आहे. गाडी लागेल मला." मिलिंद म्हणाला, "ही घेऊन जाणार?" मी म्हटलं, "मग कशासाठी केली?" जेवताना आम्ही खाणीतल्या जेवणाबद्दल बोललो.

दुसऱ्या दिवशी सगळे झोपलेले असताना मी उठले. हॉस्पिटलच्या कपड्यांवर फुगीर जॅकेट घातलं, केसांवर आंघोळीची टोपी घालून वर स्कार्फ बांधला, आणि गाडी बाहेर काढली. इंजिनच्या आवाजाने सगळी गल्ली उठली असणार. धुकं होतं. रस्ता माझ्या मांडीपासून वीतभर खाली वाहत होता आणि पडलेली जॅकरंडाची फुलं उडून माझ्या मांडीत येत होती. सरळ रस्त्यावर मी स्टिअरिंग नीट मधोमध धरलं. गाडी हळूच उजवीकडे गेली. मी परत सरळ केली. परत उजवीकडे. गोल चौकापर्यंत मी तिच्याशी आणि स्वतःशी वाद घातला, की रस्ताच तिकडे उतरता असेल. नव्हता.

हॉस्पिटलच्या स्टाफ पार्किंगमध्ये मी गाडी लावली, सीटमागे ठेवलेले पाने काढले, जॅकेट जमिनीवर अंथरलं आणि डाव्या चाकाशी आडवी झाले. नाइट शिफ्ट संपवून निघालेली एक नर्स वाकून म्हणाली, "यू ओके, डार्ल?" मी ओके म्हटलं. हे चाक मी तीन वेळा उघडलं होतं. कुठला नट ढिला केला की काय हलतं ते मला माझ्या मसाल्याच्या डब्याइतकं पाठ होतं. नट सैल केला, चाक वळवणारा दांडा अर्धा आटा फिरवला, नट पुन्हा मापाने आवळला. पार्किंगला एक चक्कर मारली आणि स्टिअरिंग सैल धरलं. गाडी सरळ गेली. मग हात पुसून मिलिंदला लिहिलं, "चाक आत होतं. तुझं बरोबर. बसवलं मी." त्याचं उत्तर यायच्या आत फोन लॉकरमध्ये टाकला, मास्क लावला आणि कामाला लागले.